खोललेले इंजिन आणि अवयवीचा प्रश्न

बागेत चालणाऱ्या छोट्या ट्रॅक्टरचे इंजिन काही वर्षांनी पुन्हा बांधावे लागते. सोलापूर जिल्ह्यात हे काम आता ओळखीचे झाले आहे. सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर या भागांत डाळिंब आणि द्राक्षाच्या बागा वाढल्या. ओळींमधली वाट अरुंद आणि फांद्या दोन्ही बाजूंनी आत आलेल्या, त्यामुळे तिथे मोठा ट्रॅक्टर शिरत नाही. म्हणून तीन सिलिंडरचा मित्सुबिशी शक्ती किंवा एका सिलिंडरचा महिंद्र युवराज अशी पंधरा-वीस अश्वशक्तीची यंत्रे आली. फवारणीचा ब्लोअर आणि रोटाव्हेटर त्यांनीच ओढले. त्यांतली जुनी यंत्रे आता धूर मारू लागली आहेत, आणि नवे घेण्यापेक्षा इंजिन खोलून बांधणे अनेकांना परवडते. या साध्या दुरुस्तीत एक फार जुना तात्त्विक प्रश्न दडलेला आहे. भाग बदलत गेले तरी वस्तू तीच राहते का? राहत असेल, तर कशाच्या बळावर? भारतीय दर्शनांनी हा प्रश्न रथ, कापड आणि सोने यांच्या उदाहरणांनी मांडला. इंजिनाच्या बाबतीत तो अधिक काटेकोरपणे विचारता येतो, कारण इथे प्रत्येक बदल मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजलेला असतो.

आधी झीज कुठे आणि का होते ते पाहावे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की तिचे तापमान पाचशे अंशांच्या वर जाते आणि त्या उष्णतेनेच डिझेल पेटते. म्हणून पिस्टन, रिंगा आणि लाइनर यांच्यामधून हवा निसटू लागली की इंजिन सकाळी उठत नाही. कॉम्प्रेशन गेले, असे मिस्त्री म्हणतात. कमी पावसाच्या सोलापुरात उन्हाळभर बागेत धूळ उडते. एअर क्लीनरच्या वाटीतले ऑइल वेळेवर बदलले नाही, तर ती धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते आणि लाइनर घासते. वरची रिंग जिथून माघारी फिरते तिथे झीज सर्वांत जास्त, कारण तिथे उष्णता आणि दाब अधिक आणि ऑइलचा थर सर्वांत पातळ. शिवाय कनेक्टिंग रॉड तिरका होताना पिस्टन एका बाजूला रेटला जातो, त्यामुळे गोल बोअर हळूहळू अंडाकृती होतो. क्रँकशाफ्टच्या जर्नलांचेही तसेच होते. डोळ्यांना यातले फारसे काही दिसत नाही. बोअर गेज आणि मायक्रोमीटर लावल्यावरच ते कळते.

घरच्या शेडमध्ये खोलणे, धुणे, मोजणे आणि परत बसवणे एवढे होते. बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग आणि डिझेल पंपाचे कॅलिब्रेशन यांसाठी शहरातले वर्कशॉप गाठावे लागते. हेड उतरते, ऑइल पॅन निघते, रॉडच्या टोप्या सुटतात, पिस्टन वरून बाहेर येतात आणि शेवटी क्रँक. लाइनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग, गॅस्केट, ऑइल सील हे सगळे नवे येते. व्हॉल्व्ह कधी घासून सीटवर बसवले जातात, कधी बदलले जातात. क्रँक घासली जाते. जुना राहतो तो मुख्यतः ब्लॉक, हेड, गिअर आणि रॉड. पुढच्या ओव्हरहॉलिंगला त्यांतलेही काही बदललेले असते.

ग्रीसमध्ये हा प्रश्न थीसियसच्या जहाजावरून विचारला गेला. कुजलेल्या फळ्या बदलत गेलेले ते जहाज तेच की दुसरे, यावर अथेन्समध्ये वाद होत असल्याचे प्लुटार्कने नोंदवले आहे. १६५५ मध्ये टॉमस हॉब्ज याने त्यात भर घातली: काढलेल्या जुन्या फळ्या जपून कोणी त्यांचेच दुसरे जहाज बांधले, तर खरे जहाज कोणते? जुन्या सुट्या भागांच्या बाजारात ही कल्पना रोजच्या व्यवहारासारखी आहे. एका इंजिनाची क्रँक घासून दुसऱ्यात बसते, एकाचे हेड दुसऱ्यावर चढते. वीस वर्षे चाललेल्या यंत्रात तीन-चार यंत्रांचे अवयव असणे मुळीच दुर्मीळ नाही.

कायद्याने आपल्यापुरते उत्तर ठरवून टाकले आहे. एमएच-१३ मालिकेत नोंदलेल्या ट्रॅक्टरच्या कागदावर चेसिस क्रमांक आणि इंजिन क्रमांक असतो. इंजिन क्रमांक कोरलेला भाग राहिला तर कागदाच्या दृष्टीने इंजिन तेच. बाकी सर्व बदलले तरी आरटीओला त्याचे काही नाही. व्यवहाराला असा एक खुंटा लागतोच. पण क्रमांक ओळख पटवण्याचे साधन आहे. ज्याची ओळख पटवायची ते काय आहे, हे तो सांगू शकत नाही.

बौद्धांचे उत्तर सर्वांत निर्भीड आहे. मिलिंदप्रश्नात इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला यवन राजा मिनँडर, म्हणजेच मिलिंद, आणि भिक्खू नागसेन यांचा संवाद आहे. नागसेन राजाला विचारतात: आस म्हणजे रथ का? चाके? जू? हे सगळे मिळून रथ का? की यांच्याहून वेगळा कुठे रथ आहे? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. मग रथ हे या भागांच्या आधाराने वापरलेले नाव ठरते. आत दडलेली रथ नावाची वस्तू सापडत नाही. पुढे काळाचा प्रश्न येतो तेव्हा नागसेन रात्रभर तेवणाऱ्या दिव्याकडे बोट दाखवतात. पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एक नव्हे, आणि अगदी निराळीही नव्हे. एकीच्या आधारे दुसरी उभी राहिलेली असते. खोललेल्या इंजिनासमोर हे म्हणणे लगेच पटते. गोणपाटावर सगळे भाग मांडलेले असतात, एकही हरवलेला नसतो, आणि तरीही त्यात इंजिन कुठेच नसते.

नैयायिकांना हे मान्य नाही. त्यांच्या मते अवयवांच्या पलीकडे अवयवी नावाचे स्वतंत्र द्रव्य उत्पन्न होते आणि ते समवाय, म्हणजे अविभाज्य, संबंधाने अवयवांत राहते. न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात यासाठी दिलेली युक्ती ट्रॅक्टरच्या मालकाला समजावून सांगावी लागणार नाही. वस्तूचे एक टोक धरले की सगळी वस्तू धरली जाते, एक टोक ओढले की सगळी ओढली जाते. नुसता भागांचा ढीग असता तर हातात तेवढा एक भाग आला असता. जो नांगर ओढतो, ज्याला दोरी लावून ओढता येते, ते केवळ नाव कसे असेल? ही युक्ती भक्कम आहे, आणि नागसेनांच्या प्रश्नमालिकेत तिला थेट उत्तर नाही.

अडचण न्याय-वैशेषिकांच्या पुढच्या पायरीवर येते. त्यांचे आवडते उदाहरण धागे आणि कापड यांचे आहे. चादरींच्या सोलापुरात ते आपलेच वाटावे. कापडातून एक धागा काढला तर जुने कापड नष्ट झाले आणि उरलेल्या धाग्यांपासून नवे कापड उत्पन्न झाले, असे ते मानतात. तर्काला ते धरून आहे. अवयवी अमुक अवयवांत राहत असेल, तर अवयव बदलताच तो जायलाच हवा. पण मग एक गॅस्केट बदलले तरी जुने इंजिन संपले असे म्हणावे लागते, आणि ‘हे तेच’ या ओळखीला सादृश्यामुळे झालेला भास म्हणावे लागते. ज्या दर्शनाने वस्तूचे खरेपण सर्वांत जोराने राखले, त्यालाच तिचे टिकणे सोडून द्यावे लागले.

तिसरे उत्तर जैनांचे, आणि त्याचा सोलापूरशी जवळचा संबंध आहे. ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांच्या नावाची जीवराज जैन ग्रंथमाला जैन संस्कृती संरक्षक संघाने सोलापुरातूनच चालवली. आ. ने. उपाध्ये आणि हिरालाल जैन यांनी संपादित केलेल्या ‘तिलोयपण्णत्ती’चा पहिला भाग तिने १९४३ मध्ये प्रकाशित केला. जे सत् आहे त्यात उत्पत्ती, नाश आणि ध्रुवता ही तिन्ही एकाच वेळी असतात, हा उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राचा सिद्धान्त. समंतभद्रांनी तो सोन्याच्या दृष्टान्ताने उलगडला. सोन्याचा घट मोडून मुकुट केला; घट हवा असलेला दुःखी झाला, मुकुट हवा असलेला सुखावला, सोने हवे असलेल्याला काहीच वाटले नाही. तिघांच्याही भावनेला वस्तूत आधार आहे, म्हणून वस्तूच तिन्ही रूपांची आहे.

शेडमधले व्यवहार या दृष्टीने नीट समजतात. झिजलेला लाइनर गेला, नवा आला, आणि काहीतरी राहिले, हे तिन्ही खरे. पण इंजिनावर हा दृष्टान्त लावताना तो उलटा होतो, आणि इथेच प्रश्न खरा रंगतो. घट आणि मुकुटाच्या गोष्टीत आकार बदलतो, सोने टिकते. इंजिनात लोखंडच बदलते, रचना टिकते. जैन मतानुसार काटेकोर बोलायचे तर ध्रुव आहे ते पुद्गल, म्हणजे मूळ जड द्रव्य. इंजिन हा त्याचा एक स्कंध, म्हणजे पर्यायच, एक बदलती अवस्था. मग इंजिन म्हणून जे टिकते ते धातूत शोधून चालणार नाही.

ते शोधण्याची जागा बांधणीच्या कामातच सापडते. हे काम म्हणजे मुख्यतः भागांमधली जागा राखणे आहे. क्रँकच्या जर्नल आणि बेअरिंग यांच्यात मिलिमीटरचे काही शतांश अंतर हवे. ते कमी झाले तर ऑइलचा थर टिकत नाही आणि बेअरिंग धरते. जास्त झाले तर ऑइलचा दाब पडतो आणि खडखड सुरू होते. रिंगेच्या दोन टोकांत फट हवी, नाहीतर तापल्यावर टोके भिडून रिंग तुटते. रॉकर आर्म आणि व्हॉल्व्ह यांच्यात फीलर गेजचे एक ठरावीक पान अलगद सरकले पाहिजे. या जागांत धातू नाही, त्यांचे वजन होत नाही, त्या सुट्या भागांच्या दुकानात मिळत नाहीत. तरी भागांचा ढीग आणि चालते इंजिन यांत फरक आहे तो त्यांचाच. नागसेनांच्या प्रश्नाला ‘भागांमधला नेमका संबंध’ असे उत्तर देता येते, आणि ओढणारी वस्तू खरी आहे, या नैयायिकांच्या आग्रहालाही ते पुरते. वैशेषिकांनी समवायाला पदार्थांत स्थान दिले ते या कारणाने मोलाचे आहे; फक्त तो संबंध ठरावीक अवयवांशीच कायमचा जखडलेला मानला की बिघडते.

संबंधाला स्वतःचा इतिहासही असतो. कनेक्टिंग रॉडचे मोठे टोक दोन तुकड्यांचे. कारखान्यात टोपी रॉडवर आवळून मगच बोअर केलेले असते. म्हणून एका रॉडची टोपी दुसऱ्याला लावली तर भोक खरे गोल होत नाही. जाणता मिस्त्री टोप्या काढण्याआधी खुणा तपासतो. नसतील तर पंचने ठोकतो. नव्या भागांतही जुन्याचा अंश उतरतो. क्रँक किती घासली यावर ०.२५, ०.५० की ०.७५ मिलिमीटर अंडरसाइज बेअरिंग घ्यायचे ते ठरते. आज आणलेले बेअरिंग वेगळ्या मापाला घासलेल्या क्रँकला बसणार नाही, कारण ते याच क्रँकच्या झिजेच्या मापाने निवडलेले आहे. आधीच्या अवस्थेने पुढची ठरवावी, ही बौद्धांच्या संततीची, म्हणजे दिव्याच्या ज्योतीसारख्या अखंड प्रवाहाची, अट इथे पूर्ण होते. हॉब्जच्या कोड्यालाही यातून वाट निघते: भंगारात गेलेले जुने लाइनर-पिस्टन एकत्र करून कोणी इंजिन उभे केले तरी ती मापांची परंपरा त्याच्याकडे नसते. ती ज्या ब्लॉकमध्ये चालत आली तिथेच असते.

धर्माच्या क्षेत्रात हाच प्रश्न अधिक नाजूकपणे हाताळला गेला आहे. पुरीला जगन्नाथाच्या लाकडी मूर्ती ठरावीक काळाने संपूर्ण नव्या केल्या जातात. नवकलेवर म्हणतात त्या विधीत दैतापती सेवक डोळे बांधून ब्रह्मपदार्थ जुन्या मूर्तीतून नव्या मूर्तीत ठेवतात. १९९६ आणि २०१५ मध्ये असे झाले. पंढरपूरची रीत वेगळी. पदस्पर्श दर्शनाने विठ्ठलाच्या पायांची झीज होते, आणि तिच्यावर उपाय म्हणून पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांकडून वज्रलेप केला जातो. २०२० मध्ये तो झाला. नवी मूर्ती करावी ही कल्पना वारकऱ्याला सहन होणार नाही. एकीकडे द्रव्य बदलून सातत्य राखले जाते, दुसरीकडे तेच द्रव्य सावरून. दोन्हींत देव तोच मानला जातो. देवत्वाचा प्रश्न इंजिनाच्या मापाने सोडवू नये. पण दोन्ही ठिकाणी सातत्य आपोआप टिकत नाही, ते कोणीतरी श्रद्धेने आणि नियमाने टिकवतो, एवढे निश्चित दिसते.

हा टिकवणारा मात्र वर आलेल्या तिन्ही उत्तरांत बाहेरच राहिला आहे. रथ, कापड, मुकुट यांची चर्चा झाली. सुतार, विणकर, सोनार यांची झाली नाही. वस्तूचे सातत्य जर सतत पूर्ववत करत राहाव्या लागणाऱ्या संबंधांत असेल, तर ते करणाऱ्याला बाजूला ठेवून प्रश्न सुटत नाही. आणि मग लगेच पुढचा प्रश्न येतो: नाशवंत वस्तू सावरण्यात घातलेला वेळ आध्यात्मिक दृष्ट्या वाया जातो का?

सोलापूरच्या परंपरेत हा वाद प्रत्यक्ष झालेला आहे. बाराव्या शतकात सिद्धरामांनी सोन्नलिगे येथे, म्हणजे आजच्या सोलापुरात, तलाव खोदवला, मंदिर उभारले. शहराभोवतीच्या अडुसष्ट लिंगांची प्रतिष्ठापना त्यांचीच मानली जाते. पंधराव्या शतकातल्या ‘शून्यसंपादने’ या कन्नड ग्रंथात अल्लमप्रभू तिथे येतात आणि माती-दगडाच्या या कामात गुंतल्याबद्दल सिद्धरामांना कठोर शब्दांत टोकतात. दगडाचे बांधलेले ढासळणार, खोदलेले बुजणार. आत काय बांधले? सिद्धराम पुढे अल्लमांबरोबर कल्याणला जातात आणि शरणांच्या, म्हणजे तिथल्या शिवभक्तांच्या, मेळ्यात सामील होतात. या प्रसंगाचा अर्थ केवळ कामाचा निषेध असा घेणे चुकीचे ठरेल. त्याच कल्याणच्या अनुभवमंडपात कायक, म्हणजे प्रामाणिक अंगमेहनतीचे काम, हीच उपासना मानली गेली. दोरी वळणारे, लाकडे विकणारे, चांभारकाम करणारे शरण तिथे बरोबरीने बसत. अल्लमांचा आक्षेप कर्त्याच्या अहंकारावर आहे, ‘मी बांधले’ या भावनेवर आहे. बांधलेले झिजणारच, हे धरून केलेले काम त्या आक्षेपातून सुटते.

दुरुस्तीला येथे बांधकामापेक्षा अधिक अधिकार आहे. नवे उभारणाऱ्याला आपले नाव कोरावेसे वाटते. दुरुस्ती करणाऱ्याला आधीच्या कोणाच्या तरी मापांपुढे नमते घ्यावे लागते. तो स्वतःच्या मर्जीने एकही अंतर ठरवू शकत नाही. आणि हे काम पुन्हा करावे लागणार, हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. खंडेनवमीला औजारांना हळदकुंकू वाहतात त्या पूजेचा सखोल अर्थ याच बाजूने लागतो.

माढा तालुक्यातल्या अरणच्या सावता माळ्यांचे चरित्र तेराव्या शतकातले, आणि ते या प्रश्नाला बागेच्याच भाषेत उत्तर देते. वारकरी परंपरा सांगते की मळा सोडून ते पंढरीला गेले नाहीत. विठ्ठलच त्यांच्या भेटीला अरणला आला. मळा हा सुद्धा रोज मोडणारा आणि रोज सावरावा लागणारा संबंधांचा मेळ आहे: पाणी, माती, तण, ऋतू. सावतोबांनी भक्तीसाठी त्यातून सुट्टी मागितली नाही. शरणांचे कायक आणि सावतोबांचा मळा या दोहोंनी एकच गोष्ट मान्य केली, की नाशवंताची निगा राखणे हे शाश्वताकडे पाठ फिरवणे नव्हे.

निगेलाही मर्यादा असते, आणि वस्तूच्या एकपणाची सीमा तिथेच दिसते. लाइनर पुन्हा बसवता येतात, पण ब्लॉकला बेअरिंगच्या आधाराजवळ तडा गेला की वेल्डिंग बहुधा टिकत नाही. क्रँक शेवटच्या अंडरसाइजपर्यंत घासली गेली की तिला पुढचे बेअरिंग मिळत नाही. कंपनीने त्या मॉडेलचे भाग बनवणे थांबवले की माप माहीत असूनही ते पुरे करता येत नाही. त्या टप्प्यावर वैशेषिक म्हणतील, अवयवी नष्ट झाला. बौद्ध म्हणतील, संतती थांबली. जैन म्हणतील, एक पर्याय संपला, पुद्गल उरले आणि ते भट्टीतून दुसऱ्या रूपात येईल. तिघांचे म्हणणे एकाच घटनेला लागू पडते. ब्लॉक बदलून नवा बसवला, तर कागदावर नवा क्रमांक चढतो. जुना गिअरबॉक्स, जुना पंप, जुनी चाके मात्र त्याच ट्रॅक्टरची राहतात. म्हणजे इंजिन म्हणून जे संपले ते ट्रॅक्टर म्हणून संपलेले नसते. एकपण कोणत्या पातळीवर विचारले जात आहे हे आधी सांगावे लागते, आणि अपेक्षा, म्हणजे कोणत्या दृष्टीने बोलतो ते, न सांगता केलेले विधान अपुरे असते असे जैन आचार्य म्हणत आले, ते इथे अक्षरशः खरे ठरते.